जमुनाबाईचं साफ रक्त

जमुनाबाई लांजेवार ह्या बाईचा मला पहिल्याच दिवशी राग आला होता. आता आमच्या मुर्री गावातले लोक म्हणतील, अल्का गजभियेला कोणाचा राग येत नाही ते सांगा. खरं आहे. चोवीस वर्षं झाली मला गोंदियाच्या दवाखान्यात, तपासणीच्या खोलीत. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. मी तो मेणात बसवते, मशीनवर केसाहून पातळ अशा त्याच्या चकत्या कापते, काचेवर घेते, रंगवते, अन् मग डॉक्टर त्या भिंगाखाली पाहतात. हात जरासा हलला की चकती फाटली. म्हणून माझ्या खोलीत कोणी मोठ्यानं बोललं की माझं टाळकं सटकतं, अन् जमुनाबाई तर व्हरांड्याच्या त्या टोकापासून बोलत आली होती.

कडेवर तीन वर्षांचं पोरगं. मान टाकलेली, डोळे उघडे, पण कुठंच न बघणारे. मागे एक तरणा माणूस, भोजराज कापगते. त्याच्याही मागे डोक्यावर पदर घेतलेली एक बारीकशी बाई. सडक अर्जुनीच्या अलीकडचं त्यांचं गाव. लहान मुलांच्या वॉर्डातून पोराचं रक्त द्यायला त्यांना खाली पाठवलं होतं. मी फॉर्म ओढला.

"लेकराचं नाव?"

"कोंडू," जमुनाबाई म्हणाली.

"कागदावरचं विचारून राहिली मी."

"पीयूष," भोजराज म्हणाला. "बाप मी."

"अन् आई?"

तिघंही जरा थांबले. मग जमुनाबाई म्हणाली, "मी होय. लिव, जमुनाबाई."

मी लिहिलं, आणि आडनाव नवऱ्याचं म्हणून कापगते लावून टाकलं. ती चाळिशीतली, तो जेमतेम तिशीचा. मनात आलं, असेल बापा, आपल्याला काय करायचं. तेवढ्यात ती मागची बारीक बाई पुढे सरकली अन् तिनं पोराच्या पायाला हात लावला. मीच तिला झापलं. "तू कोण? काकी? मग बाहेर बस. गर्दी कायले करून राहिली इथं?" ती काही न बोलता बाहेर गेली. आज ते आठवलं की मला माझीच शरम वाटते.

जमुनाबाई कोण, कशी, हे मला नंतर हळूहळू कळत गेलं. धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बायांच्या टोळीची ती म्होरकी. ह्या बांधीतून त्या बांधीत हाका मारून मारून आवाज असा झालेला. सकाळी दाताला तंबाखूची नस घासल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. तीन लेकरं, तिन्ही धडधाकट, मोठा ट्रक चालवतो. सगळ्यांशी अरेतुरे करते, डॉक्टरला 'बापू' म्हणते. वॉर्डात ती पोराच्या खाटेखालीच झोपायची. सिस्टरनं उठवलं की म्हणायची, "माझं लेकरू वर आहे, मी खाली आहे, तुले काय अडचण?" अन् परत आडवी व्हायची.

पोराचं असं झालं होतं. वेळेवर बसायला लागलं, वर्षाचं होता होता उभं राहिलं. मग एकेक करून सगळं गेलं. उभं राहणं गेलं, बसणं गेलं, ओळखणं गेलं, मग झटके सुरू झाले. नागपूरला मेंदूचा फोटो काढला, त्यात लिहून आलं की मेंदूच्या घड्या नीट पडलेल्या दिसत नाहीत. म्हणजे घडणच चुकली. असे मेंदू मी पाहिलेत. त्यात पेशींचे थर जिथं पाहिजे तिथं नसतात, कुठं दाटीवाटी, कुठं ओस. असं बरेचदा एकाच लेकराच्या बाबतीत घडतं, पुढच्याला होईलच असं नसतं. घरचे तेवढाच दिलासा धरून बसले होते.

बाराव्या दिवशी पोरगं गेलं. आमचे डॉक्टर चंद्रकुमार पटले तरुण आहेत, मऊ बोलतात, अन् कोड्यात पडले की चष्मा पुसतात. त्यांना त्या फोटोचं काही पटत नव्हतं. ते स्वतः वॉर्डात गेले अन् म्हणाले, सुईनं मेंदूतला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेऊ द्याल का, खरं काय होतं ते कळेल. भोजराजनं सही केली. जमुनाबाई म्हणाली, "घे बापू. कोणाच्या कामी पडंल."

त्या दाण्याच्या चकत्या मी कापल्या. भिंगाखाली पाहिलं तर थर जागच्या जागी होते. घडण चुकलेली नव्हतीच. पण एकेक पेशी फुगून टम्म झालेली, अन् तिच्या आतला जांभळा ठिपका एका कोपऱ्यात दाबला गेलेला. पटले डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून समजावलं. पेशीत रोजचा कचरा निघतो, तो विरघळवणारा एक रस असतो. ह्याच्या अंगात तो रस तयारच होत नव्हता, म्हणून कचरा साठत गेला. हा आजार आई अन् बाप दोघांकडून येतो. दोघांच्याही रक्तात एकेक दोष लपलेला असतो, त्यांना स्वतःला त्याचा काही त्रास नसतो. पण दर खेपेला चारात एक लेकरू असं निघू शकतं.

"ह्याच्या आधी कोणी होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक पोट्टी होती," भोजराज म्हणाला. "अशीच गेली."

मग आई-बापाचं रक्त तपासायचं ठरलं. मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवायचं होतं, पोराच्या तुकड्यासोबत. भोजराजनं हात पुढे केला, त्याच्यामागून जमुनाबाईनं. दोन्ही नळ्यांवर नावं मीच घातली. ती बारीक बाई तेव्हाही बाहेरच्या बाकावर बसून होती.

दीड महिन्यानं कागद आला अन् आमची मती गुंग झाली. पोरात दोष दोन्हीकडून आलेला. बापात एक, बरोबर. आईत काहीच नाही.

"ताई, मग दुसरा आला कुठून?" पटले डॉक्टर चष्मा पुसायला लागले. "नळ्या बदलल्या असतील का?"

मी भडकले. चोवीस वर्षांत माझी नळी बदलली नाही. पण खात्रीसाठी जमुनाबाईला परत बोलावलं, तिच्यासमोर नळीवर नाव घातलं, तिच्याकडून वाचून घेतलं, मगच पाठवलं. परत तेच. आईत काहीच नाही. बाप दुसराच कोणी निघाला, असल्या गोष्टी आम्ही ऐकल्या होत्या. पण आईवर शंका घ्यायची तर कशी घ्यायची, लेकरू तर तिच्याच पोटातून आलं ना? आम्ही दोघं त्या कागदाकडे पाहत बसलो. डॉक्टरांनी पुस्तकं उघडली, फोन लावले. कोणी म्हणे नवीनच दोष तयार झाला असेल, कोणी म्हणे लॅब चुकली. मी रात्रंदिवस तेच डोक्यात घोळवत होते, भाजीत दोनदा मीठ टाकलं.

जमुनाबाई दुसऱ्या कागदासाठी आली तेव्हा डॉक्टर मीटिंगमध्ये होते. तिनं मला व्हरांड्यात गाठलं.

"बाई, माझ्यात दोष निघाला का?"

"नाही निघाला."

"नक्की?"

"दोनदा तपासलं. तुझं रक्त साफ आहे."

"म्हणजे माझं पुढचं लेकरू चांगलं निघंल?"

मला हसूच आलं. "ह्या वयात अजून लेकरू पाहिजे का बाई तुला? निघेल, चांगलं निघेल. जा आता, मला काम आहे."

ती अशी खुलली की विचारू नका. माझे दोन्ही हात धरले अन् झपाझप निघून गेली. मला वाटलं, पोराच्या दुःखानं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. डॉक्टर म्हणणार होते की काही नक्की सांगता येत नाही, आम्ही अजून शोधून राहिलो. ते सांगायला मी तिला थांबवलंच नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी ती परत उगवली. हातात घरच्या तांदळाची पिशवी, माझ्यासाठी. सोबत तीच बारीक बाई, आता पोट दिसायला लागलेली.

"बाई, हिच्या पोटाच्या फोटोची लाइन लई मोठी आहे. जरा सांग ना कोणाले. माझं लेकरू आहे."

"तुझं कसं? पोट तर हिचं आहे."

"हो ना. रुख्माच्या पोटात आहे, पण माझं आहे. पाचवा लागते आता."

मी खुर्चीवर बसले. म्हटलं, बाई, मला नीट सांग, मी येडी झाली का तू झाली?

मग तिनं सांगितलं, अगदी साधं, बाजारातून भाजी आणल्यासारखं. रुख्मा ही भोजराजची बायको. त्यांची पहिली पोरगी गेली. दुसऱ्या वेळी पोरगा झाला तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या बायांनी ठरवलं, हे लेकरू विकायचं. ज्या बाईचं एकही लेकरू दगावलं नाही तिनं ते विकत घ्यायचं, म्हणजे मरणाला ते कोणाचं आहे हे समजत नाही. गावात तशी एकच निघाली, जमुनाबाई. तिनं सुपभर कोंडा दिला अन् पोरगं घेतलं. म्हणून तो कोंडू. राहायचा रुख्माच्याच घरी, पण त्याची माय म्हणायचं जमुनाबाईला, अन् रुख्माला काकी. चारचौघांत रुख्मानं तो माझा असं म्हणायचं नाही, ही अट. आता पोटातलंही तिनं बोलून ठेवलं होतं.

"मंग तूच सांगतलं ना, माझं रक्त साफ आहे. आमी तवापासून निश्चिंत आहो," जमुनाबाई म्हणाली. रुख्मानं मान हलवली.

मी उठले अन् दोघींना घेऊन तशीच पटले डॉक्टरांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग तोंड पुसलं.

"मावशी," ते म्हणाले, "लेकरू विकत घेतलं तरी त्याच्या अंगात दोष येतो तो पोटात वाढवणाऱ्या आईकडून. तुमचं रक्त आम्हाला नको होतं. रुख्माचं पाहिजे होतं."

"मंग मले आधी काऊन नाही विचारलं?"

"विचारलं होतं. आई कोण म्हणून."

"मंग मी बरोबरच सांगतलं ना."

डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागले, मी डॉक्टरांकडे. बाई खोटं बोलली नव्हती. आम्हीही खोटं लिहिलं नव्हतं. अन् तरी रुख्माच्या पोटात सतरा आठवड्यांचं लेकरू होतं, ज्याला चारात एक तोच आजार असू शकत होता, अन् आम्ही सगळे मिळून तिला निश्चिंत राहायला सांगून बसलो होतो. डॉक्टरांनी समजावलं की आता ह्याच आठवड्यात नागपूरला जाऊन पोटातलं पाणी तपासायला द्यावं लागेल. कोणता दोष शोधायचा ते आता माहीत आहे, म्हणून निकाल तीन आठवड्यांत येईल. उशीर केला तर लेकरू ठेवायचं का नाही हे ठरवायची कायद्याची मुदतच निघून जाईल. पण पाणी तपासायचं तर आधी रुख्माचं रक्त आई म्हणून पाठवावं लागेल, अन् कागदावर आई जमुनाबाई आहे. तिला लिहून द्यावं लागेल की ती त्या पोराची आई नाही.

जमुनाबाईचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "ते नाही होणार, बापू."

"का?"

"मी माझा नाही म्हणलं तर सौदा तुटला. मंग हे पोटातलं उघडं पडलं. त्याले कोण राखंल?"

मी तिच्यावर ओरडले. होय, ओरडले. म्हटलं, कोंडूला राखलं का तुझ्या सौद्यानं? बोलून गेले अन् तोंडावर हात ठेवला. जमुनाबाई रुख्माकडे पाहायला लागली, की ही काहीतरी म्हणेल. रुख्मा खाली बघत होती. तिला म्हणायचं होतं हे मला दिसत होतं, पण तीन वर्षं न बोलायची सवय लागलेली बाई ती, एकाएकी बोलणार कशी. शेवटी तिनं पोटावर हात ठेवला अन् म्हणाली, "बाई, मले पाहू द्या." बस, एवढंच.

जमुनाबाई मग म्हणाली, "असा तोंडानं सौदा तुटत नाही. कोंडा देऊन घेतला होता. तो माझा मले परत द्या, मंग मी सुटली अन् लेकरू बी सुटलं."

बाहेर मोटारसायकलजवळ थांबलेल्या भोजराजला बोलावलं. गोंदियात राइस मिलला काय तोटा. अर्ध्या तासात तो कोंड्याची थैली घेऊन आला. माझ्या खोलीच्या दारात जमुनाबाईनं पदर पसरला. रुख्मानं ओंजळी ओंजळीनं त्यात कोंडा टाकला. अर्धा खाली सांडला. सफाईवाली रेणू धावून आली, "ये क्या कर रहे हो, अभी पोछा मारा मैंने," तर मी तिला गप केलं. चोवीस वर्षांत माझ्या दारात कोणाला चपलेची माती मी झटकू दिली नव्हती.

मग जमुनाबाई आत आली. दुरुस्तीचा फॉर्म मी काढला होता. त्यात एक रकाना होता, आधी रक्त दिलेल्या व्यक्तीचं मयत मुलाशी नातं. तो कोरा सोडला तर कागद परत येतो.

"काय लिहू?" मी विचारलं.

"काही नाही, असं लिव."

मी लिहिलं, 'नातं नाही'. तिनं खाली सही केली. सावकाश, एकेक अक्षर. पदरातला कोंडा पडू नये म्हणून एका हातानं पदर धरून.

रुख्माच्या रक्तात दोष निघाला, तो निघणारच होता. पाण्याच्या निकालाचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. घरी सगळ्यांवर खेकसत होते. काय निघावं म्हणून मनात धरावं तेही कळत नव्हतं. आपण कोणासाठी काय मागून राहिलो, अन् चुकीचं निघालं तर त्या पोरीनं काय करायचं?

निकाल आला. पोटातल्या लेकरात दोष एकाकडूनच आला होता. ते आजारी पडणार नव्हतं.

डॉक्टरांनी तीनदा सांगितलं तरी रुख्माला खरं वाटेना. मग भिंतीला टेकून ती अशी रडली की वरचे लोक खाली बघायला आले. भोजराज गावात फोन लावत सुटला. जमुनाबाई त्यांच्या मागे उभी होती. थोड्या वेळानं ती एकटीच माझ्या खोलीत आली. आली ती हळू, पाय न वाजवता.

"बाई, कोंडूची काच आहे का अजून?"

आहे म्हटलं. असं दाखवणं नियमात बसत नाही. मी कपाटातून काढली, भिंगाखाली लावली अन् तिला स्टूल ओढून दिलं. एक डोळा मिटायचा कसा ते तिला जमेना, मीच तिच्या डोळ्यावर हात धरला.

"गुलाबी गुलाबी दिसते."

"हो."

"ह्यात रुख्माचं आहे?"

"अर्धं."

"अन् भोजराजचं?"

"उरलेलं अर्धं."

"मंग माझं काहीच नाही," ती म्हणाली. ती विचारत नव्हती, तिनं हिशोब करून पाहिला होता.

मग काय सुचलं कोणास ठाऊक, मी विचारलं, "जन्मला तेव्हा किती वजन होतं?"

"अडीच किलो."

"अन् शेवटी?"

"नऊ."

"मग मधलं कुठून आलं?"

ती विचार करायला लागली. "सा महिने रुख्माचं दूध पेला. मंग माझ्याच हातानं. पेज, भात, कालवून. तिच्या हातानं खातच नव्हता तो. तोंड फिरवे."

"तर ते आहे ह्यात," मी म्हटलं. "तू भरवलं त्याचंच हे मांस झालं."

तिनं परत डोळा लावला. या वेळी तिनं माझा हात बाजूला केला, स्वतःच्या हातानं दुसरा डोळा झाकला अन् किती वेळ बघत राहिली. बाहेरून रुख्मा हाका मारत होती, बस निघून जाईल म्हणून. जमुनाबाई उठली, डोक्यावर पदर घेतला. दारापर्यंत गेली अन् परत फिरली.

"हे रुख्माले नको सांगू," ती म्हणाली. "तिले वाईट वाटंल."